एक्स-रेत हाड ठीक आहे, पण हात वर जाईना: किती दिवस थांबायचं?

दादा, तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्यांनाही कळेल. वय ४६, गाव केज तालुक्यात. अठरा दिवसांपूर्वी रात्री शेतातून येताना मोटारसायकल घसरली आणि तुम्ही उजव्या खांद्यावर आपटलात. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. हाड ठीक आहे, मुका मार आहे, असं सांगितलं गेलं. गोळ्या झाल्या, दोन इंजेक्शनं झाली. दिवसाचं दुखणं उतरलं, पण रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही आणि हात खांद्याच्या वर जात नाही. डाव्या हातानं धरून नेला तर मात्र डोक्यापर्यंत जातो. सहा वर्षांपासून शुगर आहे. गावातले एक जाणते म्हणतात, नस चढली आहे, ओढून बसवतो. सोयाबीनची रास व्हायची आहे. आणि तुमचा प्रश्न आहे की अजून किती दिवस वाट बघू.

मी अंबाजोगाईकडे बरीच वर्षं फिजिओथेरपी करते. शस्त्रक्रिया करणारी मी नाही, आणि हात न तपासता निदान सांगणं बरोबर नाही, ते सांगणारही नाही. पण वाट बघायची की निघायचं हे कशावरून ठरवायचं, ते नक्की सांगू शकते. तुम्ही दुखण्याकडे बघून दिवस मोजताय. खांद्याच्या बाबतीत दुखणं फसवतं. स्नायूचा पट्टा पूर्ण तुटलेला माणूस तीन आठवड्यांनी बऱ्यापैकी शांत झोपतो, आणि साधी सूज असलेला माणूस रात्रभर उठून बसतो. हात काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, त्यावर सगळा निर्णय ठेवायचा.

का, ते समजून घ्या. खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर लिंबू ठेवावं तसा आहे. दंडाच्या हाडाचं डोकं मोठं, आणि त्याला टेकायला मिळालेली खोबण लहान, उथळ. म्हणून अंगातला सगळ्यात जास्त फिरणारा सांधा हाच, आणि सगळ्यात जास्त निखळणाराही हाच. ते डोकं जागेवर धरून ठेवायचं काम चार लहान स्नायू करतात. ते फऱ्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडावरून निघतात आणि त्यांचे चिवट पट्टे दंडाच्या डोक्याला पुढून, वरून आणि मागून धरून ठेवतात. डॉक्टर याला रोटेटर कफ म्हणतात. यातला वरचा पट्टा हात बाजूला उचलायला लागतो, आणि तो हाडांमधल्या चिंचोळ्या जागेतून जातो, त्यामुळे सगळ्यात जास्त मार त्यालाच बसतो. एक्स-रेत हाड दिसतं. हे पट्टे दिसत नाहीत. म्हणजे तुम्हाला "हाड ठीक आहे" असं सांगितलं ते खरंच असेल, पण त्यातून "खांदा ठीक आहे" असं निघत नाही. चाळिशीनंतर खांद्यावर जोरात पडलेल्या माणसाचा हात दोन-तीन आठवड्यांनंतरही स्वतःहून वर जात नसेल, तर पट्ट्याचा विचार आधी करावा लागतो.

आता घरी बघण्यासारखं एक सांगते. तुमचा एक्स-रे झालेला आहे म्हणूनच सांगते आहे. ज्यांचा एक्स-रे झालेला नाही त्यांनी हे करू नये.

ताठ बसा. उजवा हात कोपरात सरळ ठेवून बाजूनं हळूहळू वर न्या आणि कुठे अडतो ते बघा. मग हात पूर्ण सैल सोडा आणि घरच्यांना सांगा, एका हातानं कोपर आणि दुसऱ्या हातानं मनगट धरून, अगदी सावकाश, तोच हात वर न्यायला. तुम्ही अजिबात जोर लावायचा नाही. दुखलं की थांबायचं.

घरच्यांनी नेला तर हात कानापर्यंत जातो, पण तुम्हाला स्वतःला नेता येत नाही, किंवा आधार काढला की खाली पडतो, असं असेल तर सांधा मोकळा आहे आणि ताकद गेली आहे. पट्टा फाटलेला असू शकतो, क्वचित त्या स्नायूला चालवणारी नस, म्हणजे मज्जातंतू, दुखावलेली असू शकते. याला वाट बघायची नाही.

घरच्यांनी नेला तरीही अडतो, तर सांधाच आखडत चालला आहे. याची खात्री अशी करा. दोन्ही कोपरं कमरेला चिकटवून काटकोनात वाकवा आणि पंजे बाहेरच्या बाजूला उघडा. उजवा पंजा डाव्याच्या मानानं फारच कमी उघडत असेल, तर ते आखडण्याचं लक्षण आहे. शुगर असलेल्यांना खांदा आखडण्याचा त्रास इतरांपेक्षा अनेक पटींनी जास्त होतो, म्हणून हे तुमच्यासाठी महत्त्वाचं.

तिसरा प्रकार सगळ्यात बरा. हात पूर्ण वर जातो, फक्त मधल्या टप्प्यात, साधारण ६० ते १२० अंशांच्या दरम्यान, कळ येते आणि पुढे गेल्यावर थांबते. इथे पट्टा सुजलेला किंवा थोडा दुखावलेला असतो, ताकद बहुतेक शाबूत असते. व्यायाम आणि काळजी घेऊन आणखी दोन-तीन आठवडे बघायला हरकत नाही, मात्र दर आठवड्याला थोडा तरी फरक पडला पाहिजे. मार लागल्यापासून सहा आठवडे झाले आणि फरक थांबला, तर दाखवायचं.

डाव्या हातानं नेला तर जातो, हे तुमचं वाक्य मला पहिल्या प्रकाराकडे नेतं. म्हणून माझं उत्तर, याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. रास झाल्यावर नको.

यावर तुम्ही म्हणाल, अठरा दिवस गेलेच आहेत, अजून महिन्यानं काय बिघडतं? बिघडतं ते असं. तुटलेल्या पट्ट्याचं टोक स्नायू आपल्याकडे ओढून घेतो. जसे महिने जातात तसं ते टोक मागे सरकतं, स्नायू बारीक होतो आणि त्यात चरबी भरायला लागते. मग शस्त्रक्रियेत ते टोक ओढून हाडाला शिवणं अवघड होतं, आणि शिवलं तरी ताकद पूर्वीइतकी येत नाही. अपघातानं नव्यानं तुटलेल्या पट्ट्याला शस्त्रक्रिया लागणार असेल तर ती साधारण पहिल्या तीन महिन्यांत व्हावी, जितकी लवकर तितकी बरी, असंच तज्ज्ञ मानतात.

हे मी एवढं जोर देऊन लिहिते त्याला कारण आहे. आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांचं हेच होतं. दसरा-दिवाळीनंतर कोयता, म्हणजे ऊस तोडणारी जोडी, गेला की तो मार्चपर्यंत परतत नाही. फडात पाय घसरून कुणी मोळीसकट पडतं, ट्रक भरताना फळीवरून कुणाचा तोल जातो. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, जोडीतला एक बसला की दुसऱ्याचंही काम थांबतं. मग तिथल्या तिथे इंजेक्शन घ्यायचं आणि दुसऱ्या हातानं ओढत राहायचं. गावी येऊन दाखवायला येतात तेव्हा चार-पाच महिने झालेले असतात आणि फऱ्यावरचा स्नायू वाळलेला डोळ्यांना दिसतो. बायकांचं तर त्याहून वाईट, कारण त्यांचा खांदा दाखवायचा नंबरच शेवटी लागतो. या माणसांच्या हातावर घर चालतं, आणि तोच हात आठवडाभराच्या सुट्टीअभावी कायमचा अधू होतो. मुकादम, कारखाना आणि गावातल्या शिकलेल्या पोरांनी एवढं तरी करावं, की पडलेल्या माणसाचा हात वर जात नसेल तर त्याला महिन्याच्या आत तालुक्याला पाठवावं.

तपासणी आणि शस्त्रक्रिया या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही लक्षात घ्या. आज दाखवलं म्हणजे उद्या ऑपरेशन असं नाही. पट्टा अर्धवट फाटलेला असेल तर बऱ्याचदा व्यायामानं भागतं. सत्तरीतल्या माणसाचा पट्टा झिजून फाटलेला असेल तर तिथेही बऱ्याचदा व्यायामावरच छान काम होतं, आणि त्या वयात कित्येकांच्या एमआरआयमध्ये फाटलेला पट्टा दिसतो पण त्यांना काहीच त्रास नसतो. तुमचं वय ४६, काम अंगमेहनतीचं, आणि खांदा आधी चांगला होता. पट्टा पूर्ण तुटलेला निघाला तर डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवण्याची शक्यता आहे. नंतर चार ते सहा आठवडे हात गळपट्टीत राहतो आणि जड उचलायला चार ते सहा महिने लागतात. हे आधीच कळलं तर हंगाम बघून, माणसं लावून, तारीख ठरवता येते. न दाखवता बसलात तर काहीच ठरवता येत नाही.

आता नस बसवण्याचं. गावातल्या जाणत्या माणसांचा मी अवमान करत नाही. त्यातल्या काहींच्या हाताला खरंच गुण असतो. मान आणि फऱ्याच्या मधले स्नायू मार लागल्यावर कडक होतात, तिथे मळून दिलं की मोकळं वाटतं, आणि लोक त्यालाच नस उतरली म्हणतात. तेवढ्यापुरतं तेल लावून हलक्या हातानं चोळायला हरकत नाही. पण हात धरून ओढणं, झटका देणं, मागे पिळणं हे करू देऊ नका. अर्धा फाटलेला पट्टा झटक्यानं पूरा फाटू शकतो. काखेजवळून जाणारी नस ताणली जाऊ शकते. आणि एक्स-रे न काढता ओढलं, तर चीर पडलेलं हाड सरकतं. निखळलेला सांधासुद्धा आधी एक्स-रे काढून, भूल किंवा गुंगी देऊन बसवायचा असतो. गरम विटेचा शेकही टाळा. शुगरमुळे कातडीची जाणीव कमी झालेली असू शकते, भाजलेलं कळत नाही, आणि ती जखम खांद्याआधी तुम्हाला दवाखान्यात नेते.

काही वेळा मात्र आठवडा काय, रात्रही थांबू नये. पडल्यावर खांद्याचा गोलवा जाऊन तिथे खड्डा दिसला, हात अंगापासून थोडा दूरच राहिला, तर सांधा निखळला आहे. तो जितक्या लवकर बसवला तितका सोपा जातो. तीन-चार आठवडे तसाच राहिला तर बऱ्याचदा उघडून बसवावा लागतो. दंडाच्या वरच्या बाहेरच्या भागात बधिरपणा, बोटं हलत नाहीत, पंजा गार किंवा निळसर पडला, तर लगेच निघा. म्हातारं माणूस न्हाणीत घसरलं आणि दोन-तीन दिवसांत काळंनिळं कोपरापर्यंत उतरलं, तर दंडाचं हाड वरच्या बाजूला मोडलेलं असू शकतं, मग ते "थोडंच दुखतंय" म्हणत असलं तरी. शुगरवाल्याचा खांदा लाल, गरम झाला आणि ताप आला, विशेषतः सांध्यात इंजेक्शन घेतल्यावर, तर सांध्यात पू झाला आहे का ते त्याच दिवशी बघावं लागतं.

आपल्या भागात आणखी एक होतं. शेतीची लाईट रात्रीची, ओल्या पायानं मोटार चालू करायला जायचं, आणि स्टार्टरचा शॉक बसतो. शॉकनं सगळे स्नायू एकदम आवळले जातात आणि खांदा मागच्या बाजूला निखळू शकतो. फिट आल्यावरही असंच होतं. हा मागे निखळलेला खांदा वरून फारसा वेडावाकडा दिसत नाही, आणि समोरून काढलेल्या एका एक्स-रेत सुटून जातो. खूण अशी की पंजा बाहेरच्या बाजूला वळतच नाही. शॉक बसलेल्या किंवा फिट आलेल्या माणसाचा खांदा दुखत असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा आणि बाजूनं, म्हणजे काखेतून, दुसरा एक्स-रे काढायचा का ते विचारा.

मार लागलेलाच नसताना डावा खांदा भरून आला, छातीवर दडपण आलं, घाम फुटला, तर तो खांद्याचा आजार समजू नका. १०८ ला फोन करा. शुगरवाल्यांना हृदयाचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. आणि दुखणं मानेतून निघून कोपराच्या खाली बोटांपर्यंत मुंग्या येत जात असेल, तर मूळ बहुधा मानेत असतं.

दाखवायला जाईपर्यंत काय करायचं? हात सतत गळ्यात बांधून ठेवू नका. हाड मोडलेलं नाही, सांधा निखळलेला नाही, तर पट्टी फार तर सुरुवातीचे काही दिवस. तुमच्यासारख्या शुगरच्या माणसाचा खांदा बांधून ठेवला की भराभर आखडतो. दिवसातून तीन-चार वेळा पुढे वाका, डावा हात टेबलावर टेकवा, उजवा हात सैल लोंबू द्या आणि अंग हलवून तो हलकेच गोल फिरू द्या. पाठीवर झोपून दोन्ही हातांत काठी धरा आणि डाव्या हाताच्या जोरावर उजवा हात डोक्याकडे न्या, जाईल तेवढाच. कोपर, मनगट, बोटं हलवत राहा. व्यायामानं थोडं दुखलं आणि तासाभरात शमलं तर ठीक. दुसऱ्या सकाळपर्यंत ठणकत राहिलं तर जास्त झालं. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम सगळे सांगतात, पण ताकद गेलेली असताना माणूस खांदा कानाकडे उचलून हात चढवतो आणि मान धरते. तो सध्या नको.

झोपताना पाठीवर झोपा आणि उजव्या कोपराखाली वाकळेची घडी ठेवा, म्हणजे दंड मागे लोंबकळणार नाही. पुष्कळांची झोप एवढ्यानंच सुधारते.

दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून मनानं आणून रोज खाऊ नका. डायक्लोफिनॅकच्या जातीच्या गोळ्या शुगर आणि बीपीवाल्यांच्या मूत्रपिंडाला जड जातात, त्यात उन्हात काम आणि पाणी कमी पिणं असलं की अधिकच. पॅरासिटामॉल त्या मानानं सुरक्षित, तेही प्रमाणात आणि यकृताचा त्रास नसेल तर. तुमची दोन इंजेक्शनं कशाची होती ते विचारून घ्या. स्टिरॉइड असेल तर काही दिवस शुगर वाढलेली राहते. आखडलेल्या खांद्याला सांध्यातलं स्टिरॉइड इंजेक्शन उपयोगी पडतं, पण नव्यानं फाटलेल्या पट्ट्यावर ते देण्याआधी तपासणी झालेली बरी.

राशीचं मला कळतं. सोयाबीन भिजलं तर वर्ष जातं. तुम्ही तिथे उभे राहा, हिशेब बघा, कोपर अंगाला लावून जी कामं होतात ती करा. कट्टा उचलायचा नाही, पाठीवर घ्यायचा नाही. फवारणीचा पंप खांद्याला लावायचा नाही. भरलेली बादली हात खाली सोडून न्यायची नाही, त्यानं पट्ट्यावर ताण येतो. आणि मळणी यंत्रात काड लोटायला तुम्ही मुळीच उभे राहू नका. कमजोर हात वेळेवर मागे घेता येत नाही. मोटारसायकलही तोपर्यंत दुसऱ्याला चालवू द्या.

जायचं कुठे, तर तुम्हाला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. लातूरला आणि छत्रपती संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयातही अस्थिरोग विभाग आहेत. नेहमीचे खासगी अस्थिरोगतज्ज्ञ असतील तर तेही चालतील. पट्टा बघायला सोनोग्राफी स्वस्त पडते, मात्र ती खांद्याची सोनोग्राफी नेहमी करणाऱ्याकडूनच व्हावी. शस्त्रक्रियेचा विचार असेल तर एमआरआय लागतो. हात न तपासता कुणी थेट एमआरआय लिहून दिला, तर आधी तपासायची विनंती करा. शस्त्रक्रिया निघाली तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

डॉक्टरांसमोर "खांदा दुखतो" एवढंच म्हणू नका. म्हणा की पडल्यापासून हात स्वतःहून वर जात नाही, दुसऱ्या हातानं नेला तर जातो. या एका वाक्यानं तपासणीची दिशा बदलते. जुन्या एक्स-रेची फिल्म, इंजेक्शनांची चिठ्ठी आणि एचबीए१सीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या तपासणीचा, अलीकडचा रिपोर्ट न्या. तो रिपोर्ट तीन महिन्यांपेक्षा जुना असेल तर नवा करून घ्या, कारण शस्त्रक्रिया असो की आखडलेला खांदा, शुगर किती आटोक्यात आहे यावर पुढचं बरंच ठरतं. ओपीडी सकाळची असते आणि रांगेत वेळ जातो, तेव्हा शुगरची गोळी घेऊन, नाश्ता करूनच निघा. बाहीतून हात सहज निघेल असा पुढून उघडणारा शर्ट घाला, आणि घरातलं कुणीतरी सोबत असू द्या.